लंगर की गोळा?

"लंगर टाकू का गोळ्याले बांधू?"

नावेच्या मागच्या टोकाकडून प्रश्न आला, आणि नावेतल्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे पाहायला लागल्या.

पौषातला रविवार होता. भिलाईहून उतईच्या वाटेवर कारखान्याच्या पाण्यासाठी बांधलेला मोठा टँक आहे, तलावच म्हणा, त्याच्यावर त्या साली शिडाची नाव आली होती. कारखान्यातल्या कोण्या हौशी साहेबानं ती आणली, आणि रविवारी ती कुणालाही दिवसभरासाठी भाड्यानं मिळायची, चालवणाऱ्या माणसासकट. क्वार्टरमधल्या महिला मंडळानं या वर्षी संक्रांतीच्या वाणाला फाटा देऊन सहल काढली. शकुबाईनं आपल्या भाचीला, नलूला, ओढूनच आणलं होतं. नलू नाही-नाही म्हणतच चढली होती. पण शीड फुगल्यापासून तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. वारा डोळ्यांनी दिसतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

जेवायची वेळ झाली म्हणून नाव थांबवायची होती. एवढा साधा प्रश्न. पण भिलाईत राहणाऱ्या माणसाला लंगर म्हटलं की गुरुद्वाऱ्याची पंगत आठवते, दाट डाळ आणि गरम रोटी. आणि गोळा म्हटलं की सुपेल्याच्या चौकातला बर्फाचा गोळा, लाल-हिरव्या सरबताचा. शकुबाईनं दोन्हींचा नीट विचार केला.

"या थंडीत गोळा कोन खाते, बापा? लंगरच टाक. पन आमी घरून शिदोरी आनली हाये, लई नको वाढजो."

सुकाणू धरलेल्या माणसानं शकुबाईकडे एकदा पाहून घेतलं. मग त्यानं पायाजवळचा लोखंडी आकडा उचलला.

"जशी मावशीची ऑर्डर," म्हणाला, आणि आकडा पाण्यात सोडला. साखळी खडखडत खाली गेली.

त्याच वेळी नलूला लांबवर पाण्यात डुलणारा लाल रंगाचा मोठा गोळा दिसला. दोन्ही शब्द तिला एकदम समजले. तिला हसू आलं, आधी पदराआड, मग उघडच. हसता हसता तिनं मागं पाहिलं, तर तो तिच्याकडेच पाहत होता. उन्हानं रापलेला चेहरा, बाह्या वर केलेला खाकी शर्ट... आणि डोळ्यांत असं काही, की जणू दोघांनी मिळून एक चोरी केली आहे.

शकुबाईनं डबे उघडले. लाखोळीच्या डाळीचे वडे, फोडणीचा भात, उकडलेले शिंगाडे. बायका बोलायला लागल्या की टँक काय आणि समुद्र काय! कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाच्या क्वार्टरला पाणी येत नाही. भात संपत आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अवो, पाळ इतकी जवळ कशी आली?"

पाळ आली नव्हती. नाव गेली होती. तळाच्या मऊ गाळात लंगर सरकत गेला होता, आणि नाव काठच्या झुडपांत कचकचून घुसली.

"कुठं आनलं गा, पोट्ट्या, आमाले?" शकुबाई ओरडली.

"बेशरमात, मावशी."

"काय म्हनलं?"

"बेशरमाची झाडं हायेत ना ही. त्यात घुसलो आपण."

बायका अशा हसल्या की नाव डोलायला लागली. जांभळट फुलं डब्यांत पडली. तो मात्र चप्पल काढून कंबरभर पाण्यात उतरला, आणि नावेच्या कडेला हात टेकून नलूला म्हणाला, "तुमी जवळ हाये. सुकाणू धरता येईन?"

"काय करू?"

"काही नाही. फक्त सरळ धरा. मी ढकलतो."

"अन् सरळ म्हणजे कोनतं?"

"माझ्याकडं पाहत राहा. तेच सरळ."

कामाचं बोलावं तसं तो बोलला. बोलल्यावर त्याला कळलं काय बोललो ते, आणि त्याचे कान लाल झाले. नलूनं सुकाणू घट्ट धरलं... आणि सरळ पाहिलं.

त्याचं नाव नरहरी. हे तिला उतरताना कळलं.

पुढच्या रविवारी नलू शेजारच्या मुलींबरोबर आली. त्याच्या पुढच्या रविवारी बालवाडीतल्या बायांबरोबर. ती बालवाडीत शिकवत होती, तिनंच त्यांना सहलीचं वेड लावलं होतं. भिलाईत सहलीला निघणाऱ्या माणसांना तोटा नव्हता, आणि प्रत्येक टोळीला एक माणूस कमी पडतंच. ते माणूस नलू.

ती नेहमी मागच्या टोकाशी बसायची. तिथं वारा चांगला लागतो म्हणे.

"तुमी त्या दिवशी सांगतलं कावून नाही, की गोळा खायचा नोहे म्हणून?" एकदा तिनं विचारलं.

"मावशी इतक्या भरोशानं बोलल्या... मलेच वाटलं, आपलंच काही चुकून राहिलं."

"लंगर सरकते हे तं माहीत होतं ना?"

"होतं."

"मंग?"

"न सरकता तं तुमी सुकाणू धरलं असतं?"

नलूनं पाण्यात हात घातला आणि चार थेंब त्याच्या तोंडावर उडवले. पुढं बसलेल्या बायांपैकी कुणी पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल.

"खरं सांगा," ती म्हणाली, "दोहोत चांगलं काय?"

नरहरीनं लाल गोळ्याकडे बोट केलं. "त्याच्या खाली काँक्रीटचा ठोकळा हाये, बैलाएवढा. साखळीनं बांधला हाये गोळा. त्याले दोर अडकवला की झालं. वादळ येऊ दे, झोपा. पन जागा दुसऱ्यानं ठरवलेली. लंगर आपला असते. जिथं मन म्हणीन तिथं टाका. मात्र डोळे उघडे ठेवून बसा लागते रातभर."

"तुमी कोनत्यातले?"

तो हसला. "आमी ठेकेदारातले."

नरहरी रिगर होता. तारेच्या दोरांनी मोठमोठे लोखंडी गर्डर उचलून जागेवर बसवायचे, हे त्याचं काम. ठेकेदाराची गँग जिथं काम निघेल तिथं जायची. राउरकेला झालं, बोकारो झालं, मध्ये एका बंदराच्या कामावर दोन पावसाळे काढले. शिडाची विद्या तिथली, म्हणून सुट्टीच्या रविवारी साहेबानं नाव त्याच्या हाती दिली होती. आता भिलाईच्या नव्या भट्टीवर. तो तुमसरकडचा, पण तुमसरला त्याचं आता कुणी नव्हतं.

आठवडा मोठा व्हायला लागला. बालवाडीत मुलं कविता म्हणायची आणि नलू खिडकीबाहेर निलगिरीची पानं कुठल्या बाजूला हलतात ते पाहायची. वारा पडला की तिचा जीव पडायचा. संध्याकाळी कारखान्यातून भट्टीतली तापलेली लोखंडाची मळी ओततात तेव्हा सगळं आभाळ लाल होतं. लहानपणापासून तिनं ते पाहिलं होतं, कधी मान वर केली नव्हती. आता ती अंगणात उभी राहायची. त्या उजेडाखाली कुठंतरी उंच लोखंडावर तो बसला असेल... त्यालाही हाच उजेड लागत असेल तोंडाला.

"काय पाहून राहिली वो?" शकुबाई आतून विचारायची. नलूची आई लहानपणीच गेली, या आत्यानंच तिला वाढवलं.

"काही नाही, आत्या. आभाळ."

"आभाळ का आज नवीन लावलं सरकारनं?"

माघात दयारामचं स्थळ आलं. दयाराम कारखान्याच्या टाइम ऑफिसात कायम नोकरीला, सेक्टर दहात क्वार्टर, अंगणात पेरूचं झाड, स्कूटर. सिगरेट नाही, सुपारी नाही. पाहायला आला तेव्हा खाली मान घालून बसला आणि पोहे छान झाले म्हणाला. त्याला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि नलूला तेवढीच जागा हवी होती.

तिचे वडील, केवलराम, कारखान्यात कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्ट्यांवर, कामाला होते. बोलणं कमी. त्या रात्री जेवताना म्हणाले, "माणूस चांगला हाये. फागुनात साक्षगंध करून टाकू. तुले काही म्हणायचं असीन तं सांग."

नलू भात कालवत राहिली. काय सांगणार? नरहरीनं तिला कधी काही विचारलंच नव्हतं. नजरेला का कुणी स्थळ म्हणतं?

त्या रविवारी आभाळ भरलेलं होतं, माघातली अवकाळी भुरभुर पडत होती. बालवाडीच्या बाया पाळीवरच्या झोपडीत चहा पीत बसल्या. नलू नावेपर्यंत गेली. नरहरी शीड गुंडाळून बांधत होता. त्याच्या पापण्यांवर पाण्याचे बारीक मणी होते.

"माझं साक्षगंध ठरून राहिलं," ती म्हणाली.

त्याचा हात गाठीवर थांबला. "कोनाशी?"

तिनं सांगितलं. क्वार्टरचं सांगितलं, पेरूचं सांगितलं. मुद्दाम सगळं सांगितलं.

"चांगला हाये," तो म्हणाला.

"बस? एवढंच?"

"मंग काय म्हणू?"

"मले काय माहीत! तुमच्या तोंडात तुमची जीभ हाये."

त्यानं शिडाची गाठ सोडली, पुन्हा घातली. मग तो म्हणाला, "गँग फागुनात विशाखापट्टणमले चालली, नलू. तिकडं नवा कारखाना उभा राहते. माझा बापही रिगरच होता. माय त्याच्या मागं मागं फिरली. झोपडी बांधे, मोडे, बांधे, मोडे. बोकारोले तिनं एक लिंबाचं झाड लावलं. मोठं केलं. त्याले लिंबं लागली तवा आमी राउरकेल्याले होतो... मरेपर्यंत म्हणे, माझी लिंबं कोनं खाल्ली असतीन रे?" त्यानं गाठ आवळली. "कोनाले तिचं जगणं द्याचं? मी नाही देणार."

"मले इचारलं का तुमी, मले पाहिजे का म्हणून?"

तो शीड बांधत राहिला. तिचे डोळे भरले. बरं झालं पाऊस होता.

पुढच्या रविवारी नावेवर दुसराच माणूस होता. नरहरीनं सुट्टी घेतली, म्हणाला. नलू त्या दिवशी नावेत बसलीच नाही. पाळीवर बसून राहिली. लाल गोळा आपल्या जागी डुलत होता, सुखानं. त्याचा तिला इतका राग आला की एक खडा उचलून तिनं त्याच्या दिशेनं फेकला. खडा अर्ध्यातच पडला.

मग घरात साक्षगंधाची तयारी लागली. शकुबाईनं साडी आणली, पिवळी, जरीच्या काठाची. नलूनं ती अंगावर धरून पाहिली, आरशात पाहिलं, आणि घडी करून ठेवली. स्वयंपाकात मीठ दोनदा पडायला लागलं, नाहीतर पडायचंच नाही. केवलराम मुकाट्यानं जेवायचे, ताटाकडे पाहायचे, मग मुलीकडे.

शनिवारी ती त्यांना म्हणाली, "बाबा, उद्या माझ्यासंगं नावेत बसाल?"

केवलराम मासेमार ढिवराच्या घरचे. नवेगावच्या बांधाकडं त्यांचं बालपण डोंग्यात गेलं. भिलाईत आल्यापासून मात्र ते पाण्याच्या काठाला गेले नव्हते. एकदा सोडलं ते सोडलं, म्हणायचे. त्यांनी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ.

"किती वाजता?" एवढंच विचारलं.

नलूनं त्या दिवशी सगळी नाव एकटीनं घेतली होती. मंडळ नाही, मैत्रिणी नाहीत. नरहरी नावेवर होता, कारण हा त्याचा तिथला शेवटचा रविवार होता. नलूच्या मागून म्हातारा पाळीवरून उतरताना पाहून त्यानं शर्टाची बटणं लावली.

"या, काकाजी."

केवलराम नावेत चढले. इतक्या वर्षांनीही पाय बरोबर पडला, नाव हललीसुद्धा नाही. वारा मंद होता. टँकच्या मधोमध आल्यावर नरहरीनं रोजचंच विचारलं, "काकाजी, कुठं थांबवू? लंगर टाकू का गोळ्याले बांधू?"

"आमच्याकडं यातलं काही नव्हतं," केवलराम म्हणाले. "लांब बांबू राहे. तळात खुपसून पाहाचा. गाळ किती, मुरूम किती, हाताले समजे. मंग तिथंच डोंगा बांधाचा."

"बाबा," नलू म्हणाली. "मले दयाराम नाही कराचा. तो चांगला हाये. पन मले यांच्यासंगं जायचं हाये."

नरहरीच्या हातून दोर सुटला. शीड फडफडायला लागलं.

"यांनी मले इचारलं नाही अजून. इचारणारही नाही. म्हणून मीच सांगून राहिली."

केवलरामांनी मुलीकडे पाहिलं नाही. ते नरहरीकडे वळले.

"तुले इचाराचं नव्हतं, का इचारता आलं नाही?"

"इचाराचं होतं, काकाजी." तो दोर धरायचाही विसरला होता. "रोज इचारतो. गर्डरवर बसून इचारतो, तंबूत इचारतो... हिच्यासमोर तोंडातून निघत नाही."

"दारू?"

"नाही. विडी ओढतो."

"सोड."

"हो."

"तिकडं राहाले काय हाये?"

"आज काही नाही. मजुरांची कॉलनी बांधून राहिले म्हणते. नव्या कारखान्यात रिगर कायम घेतीन, असंही आयकलं. घेतीनच, असं मी सांगत नाही. खोटं बोलून पोरगी नाही मांगणार."

केवलराम पाण्यात बोटं फिरवत राहिले. नाव आपली आपणच कुठंतरी चालली होती, आणि तिघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

"भात भेटते का तिकडं?" शेवटी ते म्हणाले.

"जी?"

"भात. आमच्या पोरीले पोळीवर ठेवलं तं दोन दिसात वाळून जाते. भात लागते तिले, दोन्ही टाइम."

नरहरीच्या तोंडावर आधी काहीच आलं नाही. मग सगळं एकदम आलं. "तिकडं तं भातच भेटते, काकाजी! पोळी इचारूनही भेटत नाही."

"मंग ठीक हाये." केवलरामांनी ओली बोटं धोतराला पुसली. "आदी जागा कर. पावसाळा सरला की ये, मी लगन लावून देतो. दयारामच्या घरी मी जातो सांगाले. त्यांचे पाय धरून माफी मांगा लागीन, ते पोरीचं काम नोहे." आणि मग, पहिल्यांदाच आवाज चढवून, "अन् दोर धर ना गा आता! बुडवतो का आमाले?"

नलू रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना.

गँगचा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. नलू शकुबाईला घेऊन सुपेल्याच्या चौकात बांगड्यांच्या दुकानासमोर उभी राहिली. लांबून पाहायचं, बस. घरी तेवढंच कबूल केलं होतं. शकुबाईला सगळं कळलं होतं आणि ती सकाळपासून फुगलेली होती. "पेरूचं झाड सोडून तंबू पसंत केला पोट्टीनं," असं तिनं दुकानदारालाही सांगितलं.

ट्रक आला. तारांच्या वेटोळ्यांवर नरहरी बसला होता. आणि बरोबर चौकातच रिक्षा, टेम्पो, एक बैलगाडी आणि उलट्या बाजूनं घुसलेली बस यांनी मिळून अशी गाठ मारली की सगळंच थांबलं. सुपेल्याच्या या गर्दीला नलूनं जन्मभर शिव्या दिल्या होत्या. आज ती मनात म्हणाली, राहू दे... अशीच राहू दे.

ट्रक चार हातांवर होता. भोंग्यांचा नुसता कल्ला.

"दिवाळीपर्यंत जागा करतो!" नरहरी वरून ओरडला.

"काय?"

"दिवाळी! दिवाळीले येतो!"

"रिकाम्या हातानं येजो नको!" शकुबाईनं मध्येच हात हलवून बजावलं.

फागुन ते दिवाळी. मध्ये सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा. नलूला तो वेळ एकदम दिसला, टँकच्या पाण्यासारखा पसरलेला, पलीकडचा काठ न दिसणारा. तिला पुष्कळ बोलायचं होतं. उन्हात टोपी घाल, वर चढताना खाली पाहू नको, दोर बांधताना माझी आठवण काढू नको, नंतर काढ. यातलं एकही वाक्य त्या कल्ल्यात पोचलं नसतं. ती फुटपाथवरून खाली उतरली, ट्रकच्या फळीपर्यंत गेली, मान वर करून जीव खाऊन ओरडली,

"तू ये! बाकी काही नको. तू ये फक्त!"

आजवर ती त्याला तुमी म्हणत होती. त्यानं ऐकलं. तो नुसता पाहत राहिला, त्याला हात हलवायचंही सुचलं नाही.

"काय वो," शकुबाई मागून तिचा दंड धरून म्हणाली, "होणाऱ्या नवऱ्याले तू म्हणते का कोनी, भर चौकात?"

"नवरा दिवाळीले होईन, आत्या. तोवर तं म्हणू दे."

हवालदार शिट्टी फुंकत आला. त्यानं बस मागं घेतली, बैलगाडी बाजूला केली, आणि बघता बघता रस्ता मोकळा झाला. ट्रक हलला. नलूनं त्या हवालदाराकडे असं पाहिलं, की त्या बिचाऱ्यानं शिट्टी तोंडातून काढली आणि विचारलं, "क्या हुआ, बहनजी? कुछ गुम गया क्या?"